क्लच कव्हरचं पॅकिंग घरी बदलताना: गळती परत का येते आणि कामाचा क्रम नेमका कसा ठेवायचा

पॅकिंग, म्हणजे कव्हर आणि इंजिनच्या जोडातला कागदी गॅस्केट, नवीन टाकलं, ऑइल नवीन भरलं, आणि चार दिवसांनी खळ्यात (अंगणात) गाडीखाली परत तोच काळा डाग. हे इतक्या जणांचं होतं की आता लोकांना वाटायला लागलंय बाजारात येणारी पॅकिंगच बोगस आहेत. बोगस असतातही काही, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा पॅकिंगचा काही दोष नसतो. एकतर गळती दुसरीकडूनच असते, नाहीतर जुनं पॅकिंग नीट खरवडलेलं नसतं, नाहीतर बोल्ट दात ओठ खाऊन आवळलेले असतात. पॅकिंग बसवायला पाच मिनिटं लागतात, त्याच्या आधीचं काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि लोक नेमकं तेच गुंडाळतात.

खाली जे लिहिलंय ते १०० सीसी वर्गातल्या साध्या गाड्यांसाठी, म्हणजे स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, पॅशन असल्या, ज्यांच्या उजव्या बाजूला किक आणि क्लच कव्हर असतं. दुसरी गाडी असेल तर क्रम तोच राहतो, बोल्टचे साइज आणि आतली एकदोन वस्तू बदलतात. हेडचं, म्हणजे इंजिनच्या डोक्याचं, किंवा सिलेंडरच्या बुडाचं पॅकिंग गेलं असेल तर मात्र हा लेख तुमच्यासाठी नाही, ते काम पडवीत बसून पहिल्यांदा करायचं नाही.

टप्पा १: गळती नक्की कुठून आहे ते शोधा

हा टप्पा वगळून डायरेक्ट पाना हातात घेणारे सगळ्यात जास्त. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथे गळती असतेच असं नाही. हेडवरच्या टॅपेट कॅपच्या (गोल झाकणाच्या) रिंगमधून येणारं ऑइल सिलेंडरच्या पात्यांवरून उतरत बरोबर क्लच कव्हरच्या वरच्या कडेला साचतं आणि माणूस बिचारा कव्हर उघडतो.

आधी इंजिन पूर्ण धुवा. इंजिन थंड असताना डिझेल किंवा रॉकेल घेऊन जुन्या ब्रशने सगळी घाण काढा. आपल्याकडे कोकणात जांभ्याची तांबडी धूळ आणि ऑइल मिळून जो थर तयार होतो तो नुसत्या पाण्याने जात नाही, तो खरवडावाच लागतो. नंतर साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, डिझेलचा ओशटपणा राहता कामा नये. मग कव्हरच्या जोडाच्या रेषेवर, किकच्या दांड्याभोवती, ड्रेन बोल्टजवळ (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) आणि वर सिलेंडरच्या जोडांवर पावडर मारा. कॅरमची बोरिक पावडर चालते, तोंडाला लावायची चालते. आता आठ-दहा किलोमीटर फिरून या, थोडा चढ असला तर उत्तमच. परत आल्यावर सगळ्यात वर जिथे पावडर ओली झालीय ती तुमची जागा. खालचा डाग बघू नका, सगळ्यात वरचा बघा.

काय दिसलं तर काय समजायचं:

- जोडाच्या रेषेवर, दोन बोल्टच्या मधे ओलं असेल तर पॅकिंग. पुढे वाचा.
- फक्त किकच्या दांड्याभोवती गोल ओलं असेल तर ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी रिंग गेलीय, पॅकिंग नाही. बऱ्याच गाड्यांत ते सील कव्हर न उघडता बाहेरून बदलता येतं.
- ड्रेन बोल्टच्या टोकाला थेंब असेल तर नुसता वॉशर बदला, सुटलात.
- डाव्या बाजूला चेनजवळ काळं चिकट असेल तर ते बहुतेक चेनला मारलेलं वंगण. ते नसेल तर गिअर शाफ्ट नाहीतर चेन स्प्रॉकेटमागचं सील. या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणखी दोन गोष्टी आत्ताच बघून घ्या, कारण या दोन्हीमुळे चांगलं पॅकिंगसुद्धा गळतं. एक, ऑइल जास्त भरलंय का. दोन, इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी ब्रीदर नळी मोकळी आहे का. ही नळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर येतं. मुंबैला नोकरीला असलेल्या लोकांच्या गाड्या मे महिन्यापासून चतुर्थीपर्यंत मांगरात नाहीतर पडवीत उभ्या असतात, तेवढ्यात कुंभारीण माशी उघड्या नळीच्या तोंडात मातीचं घर करून मोकळी होते. मग गणपतीत गाडी चालू केली की "काल तर गळत नव्हती!" नळी काढा, तोंडाने फुंकून बघा, वाकली-दबली असेल तर सरळ करा. ज्या गाड्यांत ही नळी एअर फिल्टरच्या डब्याला जाते तिथे डब्यात ऑइल आलंय का तेही बघा.

तपासा: ऑइल लेव्हल बरोबर, ब्रीदर मोकळा, आणि तरीही जोडाच्या रेषेवर पावडर ओली. तिन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे.

टप्पा २: सामान आणून ठेवा, सगळं, आधी

कव्हर उघडून ठेवून पार्ट आणायला जाणं म्हणजे उघडं इंजिन दिवसभर धूळ खात पडणार. तालुक्याच्या गावी दुकान, तिथे नसेल तर रत्नागिरी नाहीतर कणकवली-कुडाळ, आणि सणासुदीला दुकानं बंद. तेव्हा यादी करूनच जा:

- क्लच कव्हर पॅकिंग, कंपनीचं. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून घ्या, एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की पॅकिंगची भोकं बदललेली असू शकतात.
- किक शाफ्टचं ऑइल सील. गळत नसलं तरी घ्या, कव्हर हातात आलेलंच असतं.
- ड्रेन बोल्टचा वॉशर.
- आतल्या गोल ऑइल फिल्टरच्या झाकणाचं छोटं पॅकिंग.
- सायलेन्सर काढावा लागणार असेल तर त्याची पॅकिंग रिंग.
- कव्हरचे दोन-तीन जादा बोल्ट, वेगवेगळ्या लांबीचे.
- मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ४टी ऑइल, बहुतेक १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलं.

गाडीतलं म्हणजे चारचाकीचं ऑइल घरात शिल्लक आहे म्हणून ते ओतू नका. या बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, चारचाकीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, क्लच सरकायला लागेल आणि तुम्ही परत पॅकिंगला शिव्या घालत बसाल.

हत्यारं: ८ आणि १० चा टी पाना, १२, १४, १७ चे रिंग पाने, पक्कड, रबरी नाहीतर लाकडी हातोडा, मोठा प्लस स्क्रू ड्रायव्हर, ऑइल काढायला पसरट भांडं, सुती जुन्या कपड्याचे तुकडे. कापसाचा गोळा आणि ते गॅरेजमधलं दोऱ्यांचं वेस्ट नको, त्याचे धागे आत राहतात.

पॅकिंग सपाट आणा. ते पिशवीत दुमडून, डिकीत कोंबून आणलं की घडीवर चीर पडते आणि गळती तिथूनच सुरू. घरी आणल्यावर वहीत घालून ठेवा. पावसाळ्यात उघडं ठेवलं तर दमट हवेने कागद फुगतो, वाकतो, मग भोकं जुळत नाहीत.

टप्पा ३: आदल्या संध्याकाळी बोल्ट भिजवा

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा हा खास त्रास आहे, घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये, त्यावर खारी हवा, आणि मागे मासळीचा क्रेट बांधत असाल तर बर्फाचं खारट पाणी थेट इंजिनावर. बोल्टच्या डोक्याभोवती पिठासारखी पांढरी भुकटी दिसते ना, ते ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. असा बोल्ट कोरडा फिरवला की तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढायला लेथवाल्याकडे जायचं म्हणजे अख्खं इंजिन नाहीतर अख्खी गाडी टेम्पोत.

भुकटी तारेच्या ब्रशने साफ करा, प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा, हातोडीने डोक्यावर हलके टोले द्या म्हणजे स्प्रे आत उतरतो, आणि रात्रभर सोडून द्या. सायलेन्सरच्या नटांनाही तसंच.

सकाळी बोल्ट सोडवताना एकदम जोर नको. थोडा सोडव्याच्या दिशेला, हलला नाही तर किंचित आवळायच्या दिशेला, परत सोडवायला, असं मागेपुढे. "कर्र" आवाज येऊन सुटला तर बरं, पण पाना मऊ लागायला लागला, लोण्यातून फिरल्यासारखा, तर थांबा. बोल्ट पिळवटतोय. परत स्प्रे, परत वाट बघा, ऑइल अजून आत असेल तरच इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करून बघा. पेटता बर्नर जवळ आणू नका, वर पेट्रोलची टाकी आहे.

टप्पा ४: ऑइल काढा

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. खळं शेणाने सारवलेलं असेल तर खाली जाड पुठ्ठा टाका, ऑइल एकदा मुरलं की जात नाही आणि घरचे जे बोलतील ते वेगळं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, वरचं टोपण काढा, मग खालचा ड्रेन बोल्ट. पूर्ण थेंब थांबेपर्यंत राहू द्या.

निघालेलं ऑइल बघा, फेकायच्या आधी. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, पावसात साकवावरून पाणी चाललेलं असताना गाडी घातली असणार, अशा वेळी नवीन ऑइल थोडं चालवून परत एकदा बदलायचं. चकचकीत धातूचा चुरा बोटाला लागला तर पॅकिंगपेक्षा मोठं दुखणं आहे, मेकॅनिकला दाखवा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवा. वाशाला वाळवी लागू नये म्हणून फासायला कोणीतरी मागायला येतंच, पण विहिरीजवळ, व्हाळात नाहीतर आगरात ओतू नका.

गाडी डाव्या कुशीवर आडवी करून ऑइल न काढता कव्हर उघडायची आयडिया काही जण सांगतात. होतं तसं. पण पेट्रोल सांडतं, बॅटरी जुन्या पद्धतीची, पाणी घालायची असेल तर ॲसिड सांडतं, आणि खरवडलेला कचरा सगळा आत जातो. नको ते.

टप्पा ५: आड येणाऱ्या वस्तू काढा, पण लागतील तेवढ्याच

पहिल्यांदा किकचा दांडा. त्याचा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दातऱ्यांच्या खाचेत आडवा बसलेला असतो. काढायच्या आधी शाफ्टवर आणि दांड्यावर मार्करने रेघ मारा, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. मग फूटरेस्टची दांडी, इंजिनच्या खाली तिचे बोल्ट असतात. ब्रेकच्या पायडलची स्प्रिंग आणि ब्रेक लाइटच्या स्विचची स्प्रिंग कुठे अडकवली होती याचा मोबाइलवर फोटो काढा. क्लच केबल हँडलकडून ढिली करा आणि कव्हरवरच्या आर्ममधून सोडवा.

सायलेन्सरबद्दल माझं मत, तो काढल्याशिवाय कव्हर बाहेर येतंय का ते आधी नीट वाकून बघा. येत असेल तर हात लावू नका. किनाऱ्यावरच्या गाडीत हेडजवळचे ते दोन स्टड गंजून अर्धे झालेले असतात आणि एक तुटला तर काम दुप्पट. येत नसेल तर नाइलाज, आदल्या रात्री भिजवलेले नट सावकाश सोडवा.

टप्पा ६: कव्हर उघडा

आधी पुठ्ठा. कव्हरचा आकार पुठ्ठ्यावर पेनने काढा, जिथे बोल्ट आहे तिथे भोक पाडा, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच भोकात खोचा. बोल्ट सगळे दिसायला सारखे, लांबी वेगळी. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि कव्हर दबलेलंच नसतं. आखूड बोल्ट लांब जागी घातला तर दोनच आटे पकडतो आणि ॲल्युमिनियमचे आटे घेऊनच बाहेर येतो. परत परत येणाऱ्या गळतीचं हे एक मोठं कारण आहे आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

बोल्ट एकामागून एक पूर्ण काढू नका. सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, समोरासमोरचे, मग काढा.

आता कव्हर चिकटून बसलेलं असतं. जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही! इथे बहुतेकांचा हात शिवशिवतो. ॲल्युमिनियमवर एक खाच पडली की जगातलं कुठलंही पॅकिंग तिथे गळणारच. रबरी हातोड्याने कव्हरच्या कडेने ठोकत फिरा, थोडं इकडून थोडं तिकडून. निघत नसेल तर एखादा बोल्ट राहिलाय का मोजून बघा, चिखलाखाली एक लपलेला असतो हमखास.

कव्हर सुटायला लागलं की सरळ, दोन हातांनी बाहेर ओढा, आणि डोळे आत ठेवा:

किकचा शाफ्ट इंजिनातच राहायला हवा. काही गाड्यांत तो कव्हरबरोबर बाहेर यायला बघतो, तेव्हा अंगठ्याने आत दाबून धरा, नाहीतर आतली स्प्रिंग सुटेल. शाफ्टवरचा पातळ वॉशर ऑइलमुळे कव्हरला आतून चिकटून येतो, तो शोधून परत शाफ्टवर घाला. क्लचच्या मधली पुश पिन नाहीतर छोटा तुकडा पडू शकतो. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाशी स्प्रिंगवर बसणारा तुकडा असेल तर तोही जपा. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना असतात, त्या कव्हरमध्ये राहतील नाहीतर इंजिनमध्ये, कुठेही राहिल्या तरी चालतं, हरवता कामा नयेत.

तपासा: आतला फोटो काढा, लगेच, काही हलवायच्या आधी.

टप्पा ७: जुनं पॅकिंग खरवडा

खरं काम हे. कंटाळा येतो, मान दुखते, आणि "एवढं चालतंय" म्हणून जिथे माणूस थांबतो बरोबर तिथूनच गळती येते.

पहिल्यांदा इंजिनची उघडी बाजू सुती कपड्याने झाका, विशेषतः खालची भोकं. खाली ऑइलचा रस्ता आहे, त्यात पॅकिंगचा तुकडा गेला तर ऑइलचा मार्ग अडतो. इंजिनच्या बाजूचं खरवडताना कचरा बाहेर पडेल अशा दिशेला हात चालवा, आत नाही.

मोठे पापुद्रे प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने काढा. राहिलेलं जे कडक असतं त्यावर कपड्याने थिनर लावून दहा मिनिटं ठेवा, रंगावर सांडू नका, विडी-सिगरेट लांब. मग नवीन ब्लेड अगदी आडवं धरून, जवळजवळ सपाट, हलक्या हाताने. ब्लेड उभं झालं की चर पडतो. पितळेचा पत्रा मिळाला तर त्याहून बरा, तो ॲल्युमिनियमला ओरखडत नाही सहजी. पॉलिश पेपर आणि ग्राइंडरची चकती दोन्ही बंद. पेपरने कडा गोल होतात आणि त्याची रेती ऑइलमध्ये जाते, ती बेअरिंग खाते.

आधी कोणी सिलिकॉन (ट्यूबमधून पिळून लावायचं रबरी सीलंट) लावलेलं असेल तर त्याची रबरी शेपटं कव्हरच्या आतल्या कडेला लोंबत असतात, ती सगळी उपटा. तुटून पडलेली शेपटं खाली ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी तुमच्या गाडीत कव्हर उघडल्यावर हाताशी येत असेल, बहुतेकांत खालच्या खाचेत सरकवलेली असते, तर काढून रॉकेलने धुवा आणि ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने बसवा.

झालं असं वाटलं की नख फिरवा. डोळ्यांवर विश्वास नको. डोळे मिटून पूर्ण कडेवरून नख फिरवत न्या, कुठेही अडकलं तर तिथे अजून पॅकिंग आहे नाहीतर खाच आहे. बोल्टच्या भोकांभोवतीची जागा आणि डॉवेलच्या मुळाशी विशेष बघा. शेवटी कोरड्या कपड्यावर थोडं पेट्रोल घेऊन दोन्ही कडा पुसा, घराबाहेर, चुलीपासून लांब.

आता कव्हर काचेवर उपडं ठेवा, खिडकीची जुनी काच चालेल. चारी बाजूंनी दाबून बघा. डुगडुगत असेल तर कव्हर वाकलंय, आधी कोणीतरी एकाच बाजूने आवळल्याचा परिणाम. किंचित असेल तर पॅकिंग सांभाळून घेतं, नख जाईल एवढी फट असेल तर कव्हर बदला किंवा लेथवर सपाट करून घ्या. गाडी उजव्या बाजूला पडलेली असेल तर किकच्या भोकाजवळ बारीक तडा आहे का तेही बघा, रॉकेल लावून पुसा आणि वर पावडर मारा, तडा असेल तर ओली रेघ उमटते.

बोल्टची भोकं पण साफ करा. त्यात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते बाहेर जाऊ शकत नाही. कपड्याची वात करून टिपून घ्या.

टप्पा ८: उघडलंच आहे तर

किकचं ऑइल सील बदला. जुनं स्क्रू ड्रायव्हरने उचला, पण त्याच्या बसण्याच्या जागेला टोक लावू नका. नवीन बसवताना स्प्रिंग दिसणारी बाजू इंजिनच्या आतल्या दिशेला, ओठाला ऑइल लावा, आणि योग्य मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा वर ठेवून सरळ ठोका. तिरकं गेलं तर काढा आणि नवीन घ्या.

क्रँकच्या टोकावरचा गोल फिल्टर, तीन स्क्रूंचं झाकण असलेला, तो या गाड्यांत फिरता फिरता घाण कडेला फेकून साठवतो. झाकण उघडलं तर आत काळा मेणासारखा चिखल सापडतो. लाकडी काटकीने खरवडा, पुसा, मधल्या भोकात कचरा जाऊ देऊ नका. नवीन छोटं पॅकिंग घाला. स्क्रू जाम असले आणि डोकं घसरायला लागलं तर हट्ट करू नका, झाकण लावलेलंच राहू द्या.

क्लचला हात लावायची गरज नाही. तो काही गळत नाहीये.

टप्पा ९: नवीन पॅकिंग आणि कव्हर

नवीन पॅकिंग आधी सुक्या कव्हरवर ठेवून सगळी भोकं जुळतात का बघा. बोल्टची तर जुळतीलच, पण ऑइल जायचं जे भोक आहे तेही जुळलं पाहिजे. चुकीच्या सालाचं पॅकिंग इथेच पकडलं जातं.

सिलिकॉन लावायचं की नाही? कोणीतरी शेजारी उभा असतोच, "सिलिकॉन मार, काय होवचा नाय!" बाहेर दिसतं तेवढंच ते आत सुटतं, त्याची गोळी ऑइलच्या रस्त्यात अडकली की इंजिन कोरडं पडतं, आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ते लावलं तर आवळताना पॅकिंग घसरून बाहेर येतं. कागदी पॅकिंग कोरडंच बसवायचं. फार तर बोटाला लागेल एवढं ग्रीस, तेही पुढच्या वेळी सहज निघावं आणि बसवताना जागेवर चिकटून राहावं म्हणून. कडेला खोल खाच आहेच आणि कव्हर बदलणं शक्य नाही, तर फक्त त्या खाचेत टूथपिकच्या टोकाने सिलिकॉन भरून सपाट पुसा. बास.

दोन्ही डॉवेल पिना जागेवर, पॅकिंग डॉवेलमध्ये अडकवलेलं, शाफ्टवर वॉशर, क्लचची पिन जागेवर. किक शाफ्टच्या दातऱ्यांवर पातळ टेप गुंडाळा म्हणजे नवीन सीलचा ओठ फाटणार नाही, कव्हर बसल्यावर टेप ओढून काढा.

कव्हर सरळ आत सरकवा. हाताच्या दाबाने पॅकिंगला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर क्लचचा आर्म किंचित फिरवून बघा, शाफ्ट थोडा हलवा, कव्हर परत काढून पिन पडली का बघा.

सावध: फट राहिलेली असताना बोल्टने ओढून कव्हर बसवायचं नाही. आत काहीतरी अडतंय. असे आवळले की कव्हरला तडा जातो.

पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट त्याच्या जागी, आणि सगळे आधी नुसत्या बोटांनी. बोटांनी तीन-चार आटे गेले नाहीत तर बोल्ट तिरका आहे. मग टी पान्याने समोरासमोर, तीन फेऱ्यांत: पहिली फेरी नुसती टेकेपर्यंत, दुसरी थोडी घट्ट, तिसरी शेवटची. या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० ते १२ न्यूटन मीटर पुरतं, म्हणजे फार नाही. टॉर्क पाना असेल तर छोट्या रेंजचा वापरा, चारचाकीच्या चाकाचा मोठा पाना इथे उपयोगाचा नाही. नसेल तर टी पाना दांड्याच्या मधोमध धरा, टोकाला नाही, आणि मनगटाने आवळा, खांदा लावायचा नाही. "अजून थोडं" म्हणून मारलेला तो शेवटचा पाव फेरा, त्यानेच आटे जातात आणि पॅकिंग चिरडून फाटतं. आटे गेलेच तर बोल्टला टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवीन आटे, बसवून घ्या.

पुढच्या वेळची सोय म्हणून बोल्टच्या डोक्यावर बाहेरून ग्रीसचा हात फिरवा, खारं पाणी बसत नाही.

टप्पा १०: बाकीचं जोडा, ऑइल भरा, तपासा

ड्रेन बोल्ट नवीन वॉशर घालून. फूटरेस्ट, पायडल, दोन्ही स्प्रिंगा फोटो बघून. ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का बघा, हे विसरून लोक हायवेवर जातात. किक मार्करच्या रेघेवर. क्लच केबल जोडून हँडलच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा, अजिबात ढील नसेल तर क्लच घसरतो.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, या गाड्यांना लिटरच्या आसपास लागतं, पण अख्खा डबा उपडा करू नका. आधी थोडं कमी भरा, दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग मेन स्टँडवर लेव्हल बघा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत मापाची काठी नुसती टेकवून बघतात, आटे फिरवून नाही, काही गाड्यांत उलटं असतं. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे आलं की पुरे.

इंजिन पाच मिनिटं रिकामं चालवा आणि टॉर्च घेऊन जोडाच्या रेषेवर बघा. आधीचं सांडलेलं ऑइल सायलेन्सरवर जळून धूर येईल थोडा, त्याला घाबरू नका, पण मागच्या टायरवर ऑइल उडालेलं असेल तर साबणाने धुतल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. मग परत पावडर मारा आणि फिरून या. शक्य असेल तर चढ-उतार असलेला रस्ता घ्या, गरम इंजिनची गळती नुसत्या सपाटीवर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा. एखादा किंचित फिरेल, तेवढंच. गरम असताना आवळायचे नाहीत.

तरीही ओलं दिसलं तर

लगेच सगळं उघडू नका. पावडर बघा. दोन बोल्टच्या मधे ओलं असेल तर त्या दोन्ही बोल्टांची लांबी पुठ्ठ्यावरच्या जागेशी ताडून बघा, नंतर तिथली खाच. रेषेवर सगळीकडूनच पाझरत असेल तर पॅकिंगला दोष द्यायच्या आधी ब्रीदर परत तपासा, आणि टोपण उघडून इंजिन चालू असताना जोरात फसफस हवा येते का बघा. तशी येत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर पण असेल तर पिस्टन रिंगा गेल्यात, क्लच कव्हरचं पॅकिंग कितीही वेळा बदला, ते गळत राहणार. ते काम मग मेकॅनिककडे, आणि त्याला पावडरीचे फोटो दाखवा म्हणजे तो परत पहिल्यापासून शोधत बसणार नाही.